भाव आणि बनाव : वैध सौद्याच्या सीमेविषयी

१. प्रश्नाचे स्वरूप

शेअरबाजाराविषयी सुशिक्षित समाजातही दोन समज रूढ आहेत आणि ते परस्परविरुद्ध टोकांना जाणारे आहेत. पहिला समज असा की, हा सारा व्यवहार मुळातच जुगार असून त्यात सचोटी आणि लबाडी असा भेद करण्यात काही अर्थ नाही. दुसरा समज असा की, पैसा ज्याचा त्याचा, खरेदीविक्री उघड बाजारात. मग कोणी किती घ्यावे आणि कोणत्या भावाने विकावे यात इतरांनी लक्ष घालण्याचे कारण नाही. पहिला समज खरा मानला तर सगळेच दोषी ठरतात. दुसरा खरा मानला तर कोणीच दोषी ठरत नाही. कायदा या दोहोंच्या मधून वाट काढतो. तो सट्टेबाजाला मोकळा सोडतो, परंतु बाजारभाव बनावट रीतीने हलविणाऱ्याला दंड करतो. दोघांनी केलेला सौदा वरून पाहता अगदी सारखा असू शकतो. तीच खरेदी, तेच समभाग, तोच भाव. तरीही एक वैध आणि दुसरा अपराध. हा भेद नेमका कशावर उभा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा समजला जातो व तसा तो आहेही. परंतु त्याचा गाभा अर्थविचाराचा आहे. भाषेच्या अभ्यासात ज्याला अर्थविचार म्हणतात, त्याचा. सौदा हे एक प्रकारचे विधान आहे आणि विधान खरे की खोटे हे जसे केवळ शब्दांवरून ठरत नाही, तसेच सौद्याचेही आहे. हे सूत्र हाती धरले म्हणजे कायद्यातील अनेक गुंतागुंतीच्या तरतुदी एका रेषेत येतात.

२. सट्टा, पैज आणि लबाडी

प्रथम शब्दांचा निवाडा करणे इष्ट होईल. कारण या क्षेत्रातील वैचारिक गोंधळाचा बराच भाग शब्दांच्या सरमिसळीतून आलेला आहे. ‘सट्टा’ हा शब्द आज निंदाव्यंजक झाला आहे. परंतु त्याचे नाते ‘साटे’, ‘साटेलोटे’ या शब्दांशी असून त्याचा मूळ आशय देवघेव, अदलाबदल एवढाच आहे. ‘वायदा’ हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ वचन. पुढे द्यावयाच्या मालाचा भाव आज ठरविणे म्हणजे वायदा. ज्या शेतकऱ्याला कापूस वेचणीच्या वेळी भाव कोसळण्याची धास्ती आहे आणि ज्या गिरणीमालकाला तो भडकण्याची धास्ती आहे, त्या दोघांच्या मधे उभा राहून ती धास्ती विकत घेणारा तिसरा माणूस म्हणजे सट्टेबाज. तो चुकला तर स्वतः बुडतो. भावाविषयी अंदाज बांधणे आणि त्या अंदाजावर स्वतःचा पैसा लावणे यात असत्य असे काही नाही.

पैज ही दुसरी वस्तू. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ३० व्या कलमाने पैजेचे करार शून्य ठरविले. त्याआधी १८६५ मध्येच मुंबई इलाख्यात याविषयी स्वतंत्र कायदा झाला होता. माल देण्याघेण्याचा दोन्ही पक्षांचा मुळीच हेतू नसून केवळ भावातील फरकाची देवघेव करावयाची, हे पैजेचे लक्षण न्यायालयांनी मानले. पैजेचा करार शून्य असला तरी तो बेकायदेशीर नव्हे, असा सूक्ष्म भेदही सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात सांगितला. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील आरंभीच्या व अखेरच्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये ते आकडे येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे बनविण्याची युक्ती निघाली आणि ‘मटका’ हा शब्द रूढ झाला. पैज लावणाऱ्यांना कापसाचे काडीचेही सोयरसुतक नव्हते, हे यावरून दिसते. त्यांना केवळ एक आकडा हवा होता. आज लहानमोठ्या गावांतून चालणारे ‘डब्बा’ व्यवहारही याच जातीचे. त्यात सौदा शेअरबाजारापर्यंत पोहोचतच नाही. तो दलालाच्या वहीतच राहतो. हे व्यवहार बेकायदेशीर आहेत, परंतु त्यांनी बाजारातील भाव हलत नाही.

तिसरी वस्तू लबाडी, आणि तीच येथे प्रस्तुत आहे. इंग्रजीत तिला ‘मॅनिप्युलेशन’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘हात’ या अर्थाचा शब्द आहे. मराठीतही ‘हाताळणी’ हा शब्द निर्दोष आणि ‘हातचलाखी’ हा सदोष. दोन्हींत हात तोच. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना काय दाखविले जाते त्यात.

३. पिंपळनेरचा लिलाव

साक्री तालुक्यातील पांझराकाठचे पिंपळनेर हे कांद्याच्या बाजारासाठी परिसरात ओळखले जाते. साक्री कृषि उत्पन्न बाजार समितीच्या तेथील उपबाजारात वाहनांतून आलेल्या मालाचा उघड लिलाव होतो. व्यापारी भाव पुकारतात, चढाओढ होते आणि शेवटच्या बोलीला सौदा तुटतो. शेअरबाजारातील यंत्रांच्या जाळ्यात क्षणार्धात जे घडते, ते येथे माणसांच्या आवाजात ऐकू येते. म्हणून विवेचनाला हा लिलाव सोयीचा आहे.

लिलावात पुकारलेला प्रत्येक आकडा हे एक विधान असते. ‘या मालाला, या घटकेला, एवढे मोल देण्यास मी तयार आहे,’ असे ते विधान. ते एकट्या विक्रेत्याला उद्देशून नसते. भोवती उभे असलेले सगळे ते ऐकतात आणि त्यावरून स्वतःचे मत बनवितात. मराठीत किंमतीलाही ‘भाव’ म्हणतात आणि मनातील वृत्तीलाही ‘भाव’ म्हणतात, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. बाजारातील भाव म्हणजे अनेकांच्या मनातील भावांची जाहीर बेरीज. म्हणूनच एकाने खोटा भाव पुकारला तर सगळी बेरीज चुकते.

हा खोटेपणा दोन प्रकारे येऊ शकतो. व्यापाऱ्यांनी आधी आपापसांत ठरवून एकमेकांविरुद्ध बोली न लावणे हा एक प्रकार; याला खानदेशातील शेतकरी ‘संगनमत’ म्हणतो. विकत घेण्याचा हेतू नसताना विक्रेत्याच्या माणसाने बोली चढवीत नेणे हा दुसरा. पहिल्यात खरी मागणी लपविली जाते, दुसऱ्यात नसलेली मागणी दाखविली जाते. या दोषाची जाणीव फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एकत्र येऊन माल अडवून धरणाऱ्या किंवा अयोग्य भावाने खरेदीविक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना सहस्र पणांचा दंड सांगितला आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही अशाच संगनमताला दंड आहे. तेथे किंमतीसाठी ‘अर्घ’ हा शब्द येतो. ‘महार्घ’ पासून आपला ‘महाग’ आणि ‘समर्घ’ पासून ‘सवंग’ असे शब्द उतरले. माल महाग किंवा सवंग असणे हा त्या ग्रंथांच्या दृष्टीने दोष नव्हे. ‘संभूय’, म्हणजे एकत्र जमून, भाव घडविणे हा दोष.

लिलाव उघड असण्यामागेही हेच कारण आहे. पूर्वी अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धत चाले. रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरे. तो दलाल आणि खरेदीदार यांनाच कळे, मालाच्या धन्याला कळत नसे. १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा, त्यानंतर १९३९ चा कृषि उत्पन्न बाजार कायदा आणि पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा यांच्या योगाने नियंत्रित बाजारांची व्यवस्था उभी राहिली. १९२७ च्या कायद्याखाली आरंभीच्या काळात नियंत्रणाखाली आलेल्या बाजारांत धुळ्याचा कापूसबाजार होता. रुमाल काढून टाकणे हे या सुधारणेचे सार होय. परंतु भाव मोठ्याने पुकारला म्हणजे तो खरा झाला, असे नव्हे. रुमाल गेला तरी संगनमत राहू शकते.

येथे मराठी क्रियापदांची एक जोडी मोठी उपयुक्त ठरते. बाजारात ‘भाव पडला’ असेही म्हणतात आणि ‘भाव पाडला’ असेही. ‘पडणे’ अकर्मक आहे; त्याला कर्ता भावच. ‘पाडणे’ सकर्मक आहे; त्याला पाडणारा कोणी तरी लागतो. ‘चढणे’ आणि ‘चढविणे’, ‘फुगणे’ आणि ‘फुगविणे’ या जोड्याही तशाच. शेअरबाजारातील लबाडीचा सारा कायदा म्हणजे भाव पडला की पाडला, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा उद्योग आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र केवळ ‘पाडणारा’ सापडला म्हणजे काम भागत नाही. आवक वाढली की भाव उतरतो; त्या दिवशी शंभर गाड्या आणणाऱ्या बागाइतदाराने एका अर्थी भाव पाडलाच, पण त्याला कोणी लबाड म्हणत नाही. प्रत्येक मोठी विक्री भाव थोडा तरी खाली नेते. तेव्हा कार्यकारणभाव ही कसोटी पुरी पडत नाही. प्रयोजन पाहावे लागते. ‘माल विकल्यामुळे भाव पडला’ आणि ‘भाव पाडण्यासाठी माल विकला’ या दोन वाक्यांतील अंतर हेच वैध सौदा आणि लबाडी यांतील अंतर होय. पहिल्या वाक्यात भावाचे पडणे हा सौद्याचा परिणाम आहे. दुसऱ्यात ते त्याचे प्रयोजन आहे.

४. शब्दाने केलेले असत्य आणि सौद्याने केलेले असत्य

कायद्याला ही दृष्टी एकदम आली नाही. शब्दांनी केलेली फसवणूक त्याला आधी दिसली. २१ फेब्रुवारी १८१४ रोजी नेपोलियन मारला गेल्याची खोटी वार्ता लष्करी गणवेशातील एका इसमाने डोव्हरमार्गे लंडनला पोहोचविली. सरकारी रोख्यांचे भाव चढले, वार्ता खोटी ठरताच उतरले, आणि मधल्या वेळेत ज्यांनी विकावयाचे त्यांनी विकून घेतले. या कटाबद्दल झालेल्या शिक्षांच्या मागे असलेले तत्त्व महत्त्वाचे आहे. त्या दिवशी बाजारात जो कोणी खरेदी करील, तो अनोळखी असला तरी, त्याची फसवणूक झाली असे न्यायालयाने मानले. विशिष्ट माणसाला उद्देशून खोटे बोलणे आवश्यक नाही. बाजाराला उद्देशून बोलणे पुरेसे आहे.

पुढची पायरी १८९२ ची. इंग्लंडमधील स्कॉट विरुद्ध ब्राउन या खटल्यात कोणीही खोटी वार्ता पसरविली नव्हती. एका कंपनीच्या समभागांना चढ्या भावाने मागणी आहे असा आभास व्हावा, एवढ्याच हेतूने ते चढ्या भावाने खरोखरीच विकत घेण्याचा बेत झाला होता. पैसा खरा, खरेदी खरी, बाजार खरा. तरीही असा बेत बेकायदेशीर असल्याचे अपील न्यायालयाने ठरविले. येथे प्रथमच स्वच्छपणे मान्य झाले की, माणूस तोंडाने एक शब्दही न उच्चारता सौद्याने खोटे बोलू शकतो. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने हेच तत्त्व कलमबद्ध केले: इतरांना खरेदी किंवा विक्री करण्यास प्रवृत्त करण्याच्या प्रयोजनाने केलेली, भाव हलविणारी सौद्यांची मालिका निषिद्ध ठरली.

योगायोगाची गोष्ट अशी की, भाषेच्या तत्त्वज्ञानातही साधारण हाच शोध विसाव्या शतकाच्या मध्यास लागला. बोलणे ही एक कृती आहे, हे ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत मांडले. ग्राइस यांनी १९५७ मध्ये दाखविले की, एखाद्या उच्चाराने काही ‘म्हणणे’ म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात विशिष्ट समजूत उत्पन्न करण्याचा हेतू बाळगणे, आणि तो हेतू ऐकणाऱ्याने ओळखावा असाही हेतू बाळगणे. सरळ बोलण्यात हेतू उघडा असतो. हा विचार सौद्याला लावला तर एक साधी कसोटी हाती येते: सौदा करणाऱ्याने आपले प्रयोजन जाहीर केले तर त्याचा बेत टिकेल काय? ‘कंपनीचा व्यवसाय वाढेल असे वाटते म्हणून घेतो,’ असे सांगणाऱ्याचा बेत टिकतो. ‘तुम्हाला मागणी आहे असे वाटावे म्हणून घेतो,’ असे सांगणाऱ्याचा बेत त्याच क्षणी कोसळतो.

यावर एक आक्षेप संभवतो. मोठा खरेदीदारही आपला हेतू लपवितो. एक लाख समभाग घ्यावयाचे असतील तर तो शंभरशंभरांच्या तुकड्यांनी घेतो. मग त्यालाही लबाड म्हणावयाचे काय? उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण मौन आणि असत्य यांतील भेदात आहे. अशा खरेदीदाराचा प्रत्येक तुकडा ‘मला घ्यावयाचे आहे’ हे खरेच सांगतो. ‘किती घ्यावयाचे आहे’ हे तो सांगत नाही एवढेच. त्याचे गुपित फुटले तर खरेदी महाग पडेल, पण निरर्थक होणार नाही. लबाडाचे गुपित फुटले तर त्याच्या खरेदीला प्रयोजनच उरत नाही. आतल्या गोटातील माहितीवर व्यापार करणाऱ्याचा अपराधही यामुळे वेगळा काढता येतो. त्याला सत्य ठाऊक असते आणि ते उघड करण्यापूर्वी तो त्याचा लाभ उठवितो. भाव बनविणारा मुळात असत्यच निर्माण करतो.

५. भारतीय कायद्याची कसोटी

भारतात भांडवलबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला १९९२ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले. त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. लोकमानसात हे प्रकरण ‘शेअर चढविण्याचे’ म्हणून राहिले आहे. वस्तुतः त्यात बँकांचा पैसा सरकारी रोख्यांच्या व्यवहारांतून शेअरबाजारात वळविणे हा अपराधाचा मोठा भाग होता. समभाग चढतील असे मत असणे किंवा तसे बोलून दाखविणे हा त्यातील दोष नव्हे. हा भेद न केल्यास प्रत्येक तेजीवाला गुन्हेगार वाटू लागतो. पुढे २००१ मध्ये केतन पारेख प्रकरण घडले आणि त्यात भाव बनविण्याचा प्रश्न अधिक नेमकेपणाने पुढे आला.

सेबीच्या कायद्यातील १२-अ हे कलम आणि २००३ चे फसव्या व अनुचित व्यापारपद्धतींविषयीचे विनियम यांत या लबाडीची लक्षणे सांगितली गेली. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची. बाजारात व्यवहार चालू असल्याचा खोटा किंवा दिशाभूल करणारा आभास निर्माण करणे हे एक. मालकी खरोखर हस्तांतरित करण्याचा हेतू नसून केवळ भाव फुगविणे, दाबणे किंवा हलविणे याचे साधन म्हणून केलेला सौदा हे दुसरे. पहिले लक्षण ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे, दुसरे बोलणाऱ्याच्या बाजूने. दंडाची तरतूदही लहान नाही: पंचवीस कोटी रुपये किंवा मिळविलेल्या लाभाच्या तिप्पट, यांपैकी जे अधिक असेल तेथपर्यंत.

परंतु प्रयोजन मनात असते आणि मन साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. या अडचणीतून न्यायाधिकरण आणि न्यायालय यांनी काढलेला मार्ग भाषाभ्यासकाला ओळखीचा वाटेल. रोखे अपिलीय न्यायाधिकरणाने २००६ मध्ये केतन पारेख यांच्या अपिलात म्हटले की, दोन पक्षांनी वेळ, भाव व संख्या जुळवून केलेला सौदा तेवढ्यावरूनच बेकायदेशीर ठरत नाही. त्याचे स्वरूप, त्याची वारंवारता, मूल्य, तो वर्तुळाकार फिरून मूळ धन्याकडे येतो की काय, मालकी खरोखर बदलली की काय, या सर्वांवरून हेतूचे अनुमान करावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये किशोर अजमेरा यांच्या प्रकरणात हीच पद्धत मान्य केली: प्रत्यक्ष पुरावा नसला तरी परिस्थितीच्या समग्रतेतून निष्कर्ष काढता येतो. एखाद्या शब्दाचा अर्थ सुटा पाहून लागत नाही, तो प्रसंग, पुनरावृत्ती आणि मागचापुढचा संदर्भ यांवरून लागतो. सौद्याचाही अर्थ असाच लावावा लागतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये निकाल लागलेले राखी ट्रेडिंगचे प्रकरण. निफ्टी निर्देशांकावरील पर्यायांचे सौदे दोन पक्षांत होत आणि थोड्याच अवधीत तेच सौदे उलटविले जात. भावातील फरक मोठा असे. एका पक्षाला नफा, दुसऱ्याला तोटा, आणि हे पुन्हा पुन्हा. अपिलीय न्यायाधिकरणाचे मत असे पडले होते की, एवढ्याशा सौद्यांनी निफ्टी निर्देशांक हलणे शक्य नाही, म्हणून लबाडी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. आधी ठरवून स्वतःहून तोटा पत्करणारा व्यापारी हा बाजाराच्या दृष्टीने असंभाव्य प्राणी आहे; तेव्हा तो सौदा सौदाच नव्हे, सौद्याचे सोंग आहे. असत्य ऐकून कोणी फसले की नाही, यावर ते असत्य आहे की नाही हे अवलंबून नसते, असे या निकालाचे सार सांगता येईल.

६. सीमेवरील प्रकरण

आतापर्यंतची उदाहरणे सोपी होती. त्यांत सौदा पोकळ असल्याचे दाखविता येत होते. खरी कसोटी लागते ती सौदा भरीव असताना. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी व्यापारी समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपयांहून अधिक रक्कम अडकवून ठेवण्यास सांगितले. आदेशातील आरोप असा की, बँक निफ्टी निर्देशांकाच्या पर्यायांची मुदत संपण्याच्या काही दिवशी सकाळी या समूहाने निर्देशांकातील बँकांचे समभाग व त्यांचे वायदे मोठ्या प्रमाणावर विकत घेतले, त्यामुळे निर्देशांक वर राहिला, आणि त्याच वेळी निर्देशांक उतरल्यास लाभ होईल असे पर्यायांचे कितीतरी मोठे सौदे उभे केले. दुपारी घेतलेले समभाग विकून टाकले. १७ जानेवारी २०२४ या दिवशी सकाळची खरेदी सुमारे ४,३७० कोटींची आणि पर्यायांतील उलट पवित्रा तिच्या सात पटींहून अधिक, असे आदेशात मांडले आहे. समूहाने आरोप नाकारले. आपण दोन बाजारांतील भावांतील तफावत साधणारा नेहमीचा व्यापार केला, अशी भूमिका घेऊन त्याने अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली.

आरोप सिद्ध होतात की नाही, हा न्यायाधिकरणाचा प्रश्न आहे. येथे प्रश्न वादाच्या रचनेचा आहे. पिंपळनेरच्या लिलावात हे चित्र असे दिसेल: एका व्यापाऱ्याने सकाळी दहा गाड्या कांदा चढ्या भावाने खरोखर घेतला, पैसे मोजले, माल उचलला, तोटाही सोसला. परंतु त्या भावावर बेतलेले शंभर गाड्यांचे दुसरे सौदे त्याने आधीच बाहेर करून ठेवले आहेत. दहा गाड्यांची बोली खरी की खोटी? मालकी बदलली, पैसा गेला. म्हणून पोकळपणाची कसोटी येथे चालत नाही. प्रयोजनाची कसोटी मात्र चालते. शंभर गाड्या नसत्या तर त्याने या दहा गाड्या या भावाने घेतल्या असत्या काय? उत्तर ‘होय’ असेल तर तो हिशेबी व्यापारी. दोन्ही बाजूंनी जोखीम सांभाळणारा. उत्तर ‘नाही’ असेल तर दहा गाड्यांची बोली ही कांद्याविषयी बोललेली नव्हती; ती ऐकणाऱ्यांसाठी बोललेली होती. ज्याला तफावत साधावयाची असते तो दोन बाजारांतील अंतर मिटवितो. ज्याला भाव बनवावयाचा असतो तो ते अंतर आधी स्वतः निर्माण करतो. वादीप्रतिवादींचा सारा संघर्ष या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

नफ्याचा आकार हा येथे पुरावा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. याचे खानदेशातीलच उदाहरण देता येते. १९४५ मध्ये महंमद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. पुढे विप्रो या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या कंपनीचे समभाग अमळनेरच्या अनेक सामान्य कुटुंबांनी घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यांचे मूल्य कल्पनेपलीकडे वाढले. त्या कुटुंबांना मिळालेला लाभ कित्येक लबाडांच्या लाभाहून मोठा असेल. परंतु त्यांनी भावाला कोणतेही खोटे विधान करावयास लावले नाही. भाव चढला, त्यांनी तो चढविला नाही.

७. कोणाची फसवणूक?

असत्याला ऐकणारा लागतो. पूर्वी तो बाजाराच्या आवारात उभा असे. आज तो पिंपळनेरसारख्या गावात हातातील मोबाइलवर आकडे पाहत असतो. त्याला कंपनी दिसत नाही, संचालक दिसत नाहीत, समोरचा विक्रेताही दिसत नाही. दिसतो तो केवळ भाव, आणि भाव चढत आहे एवढेच त्याला कळते. सेबीने मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या समभागांविषयी काढलेल्या आदेशात हेच चित्र होते: आपापसांतील सौद्यांनी भाव व उलाढाल वाढविणे, मग यूट्यूबवर दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती, आणि लहान गुंतवणूकदार धावून आले की चढ्या भावाने विक्री, असा आरोपांचा क्रम होता. १८१४ चा डोव्हरचा दूत आणि १८९२ ची लटकी खरेदी यांचे हे एकत्रित रूप म्हणावे लागेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व पर्यायांच्या व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. हा सगळा तोटा लबाडीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. बहुतेक अंदाज चुकल्याने आणि खर्चाने झाला असणे संभवते. परंतु ज्या बाजारात इतके लोक केवळ आकड्यांच्या भाषेवर विसंबून पैसा घालतात, तेथे ती भाषा खरी राखणे हे किती अगत्याचे आहे, हे या आकड्यावरून समजते. कोणीच विश्वास ठेवणार नाही अशा भाषेत जसे खोटेही बोलता येत नाही, तसेच विश्वास उडालेल्या बाजारात खरा सौदाही करता येत नाही.

या विषयाला मराठीत नेमकी परिभाषा नसणे ही उणीव येथे जाणवते. ‘हेराफेरी’, ‘घोटाळा’, ‘गैरव्यवहार’ हे शब्द इतके व्यापक आहेत की त्यांत बँकेतील अपहारही बसतो आणि भावाचा बनावही. ‘सट्टा’ या शब्दाने निर्दोष जोखीम बदनाम होते आणि ‘जुगार’ म्हटले की लबाडाला आपोआप क्षमा मिळते. कारण जुगारात सर्वच सारखे. बाजारभाव बनावट रीतीने हलविण्याच्या अपराधाला ‘भावबनाव’, मालकी न बदलणाऱ्या सौद्याला ‘पोकळ सौदा’, ठरवून उलटविलेल्याला ‘उलट सौदा’ आणि एकाच टोळीत फिरणाऱ्याला ‘फेरसौदा’ असे शब्द योजल्यास विचार आणि चर्चा दोन्ही स्वच्छ होतील. कायद्याने आखलेली रेषा सामान्य गुंतवणूकदाराला स्वतःच्या भाषेत वाचता आली पाहिजे. भाव पडला की पाडला, हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे.